कोशातल्या '(काव्य)' या कंसाबद्दल खुले पत्र

मराठीचे शब्दकोश रचणाऱ्या, ते संगणकावर चढवणाऱ्या आणि शाळेच्या पुस्तकांत कवितेखाली शब्दार्थ लिहिणाऱ्या सर्व संपादक मंडळींस,

सा. न. वि. वि.

या चार अक्षरांपासूनच सुरुवात करते, कारण मागे एका तरुण संपादकाने माझ्या पत्रातली ही ओळ टायपिंगची चूक समजून खोडली होती. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. माझ्या आईच्या प्रत्येक पोस्टकार्डावर ती असायची. पोरगा गुणी आहे, रागावले नाही. पण ती खोडलेली ओळ पाहून हे पत्र लिहायचे मनात आले, ते आज लिहिते.

मी बारामतीची. एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, आता घरी बसून प्रुफे तपासते. त्यामुळे तुम्ही जे लिहिता त्यातले थोडेफार छापायला जाण्याआधी माझ्या डोळ्यांखालून जाते आणि छापून झाले की माझ्या भावाच्या नातीच्या दप्तरातून परत येते. तक्रार या दुसऱ्या वाटेने आलेली आहे.

नात सातवीत आहे. शाळेत परिपाठाला रोज पसायदान असते, तोंडपाठ आहे, सुरात म्हणते. एका रविवारी जेवता जेवता तिने विचारले, "आजी, व्यंकटी म्हणजे कोण? व्यंकटेशची बायको?" मी घास खाली ठेवला. तिने प्रार्थनांची एक छोटी पुस्तिका आणून दाखवली. खाली शब्दार्थ होते: 'व्यंकटी (काव्य) – वाकडेपणा. सांडो – सांडून जावो.' पोरीचे म्हणणे असे, की दुष्टांचा वाकडेपणा सांडला तर तो खाली पडणार, पुसायचा कोणी? तिच्या डोळ्यांसमोर ओट्यावर उतू जाऊन सांडलेले दूध होते, आणि त्या जागी वाकडेपणा.

सांडणे म्हणजे हातून निसटून पडणे, हा अर्थ आज घरोघरी आहे. ज्ञानेश्वरांचे सांडणे म्हणजे टाकून देणे, सोडणे. आणि हा अर्थ काही मेलेला नाही. 'लाज सांडली', 'मर्यादा सांडली' असे आपण म्हणतो, तेव्हा लाज काही फरशीवर पडलेली नसते. सांडपाणी म्हणजे चुकून सांडलेले पाणी नव्हे, वापरून टाकून दिलेले पाणी. एवढे सांगितल्यावर पोर म्हणाली, "मग असं लिहायचं ना!" माझे सगळे पत्र खरे तर या तीन-चार शब्दांत संपते. पण मी मास्तरीण, थोडक्यात आटपणे जमत नाही.

त्या पुस्तिकेच्या प्रकाशकाला दोष देत नाही, नावही घेत नाही. त्याने कुठल्यातरी कोशातून अर्थ उचलला असणार. माझा राग आहे तो त्या कंसावर. '(काव्य)'. कधी '(जुना)', कधी '(प्राचीन)'. शब्दाच्या पुढे हा कंस लागला, की वाचणारा समजतो हा शब्द आता आपल्या कामाचा नाही, परीक्षेपुरता पाठ करावा. कंस खोटा नसतो. पण तो अर्धेच सांगतो. हा शब्द आम्हाला कवितेत सापडला एवढेच त्याला म्हणायचे असते. तो कवितेबाहेर कुठे आहे का, हे बघायला कोणी गेले होते का, ते तो सांगत नाही.

या कंसाची गोष्ट जुनी आहे. जेम्स मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली, वाढवलेली दुसरी १८५७ साली. त्याच्या हाताशी पंडित होते, कँडी बंधू होते. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत, आणि आजही प्रूफ तपासताना मी अडले की आधी त्याच्याकडे जाते. शब्द कुठला, संस्कृत की फारसी की अरबी की हिंदी, याच्या खुणा त्याने केल्या. कोकणातला असेल तर तसे नोंदले. आणि केवळ कवितेत येणारा असेल तर तसेही. त्याचे कारण उघड आहे. कोश होता कंपनी सरकारच्या अंमलदारांसाठी. कचेरीत फिर्याद ऐकणाऱ्या साहेबाने उगाच श्लोकातला शब्द तोंडी आणून हसे करून घेऊ नये, ही त्यामागची सोय. म्हणजे तो कंस परक्या माणसाला दिलेला इशारा होता. आपल्याच पोरांना आपण तो का द्यावा?

त्यानंतर य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आला, १९३२ ते १९३८ या काळात सात खंड, पुढे १९५० साली पुरवणीचा खंड. तिथेही कंस आहेत: (काव्य), (कों.) म्हणजे कोकणी, (व.) म्हणजे वऱ्हाडी, (महानु.) म्हणजे महानुभावी. पण कंसाबरोबर दाखला आहे. अर्थापुढे '-ज्ञा', '-एभा', '-तुगा', '-दा', '-मोकर्ण' अशी पाऊलखूण दिलेली असते. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, तुकारामाची गाथा, दासबोध, मोरोपंतांचे कर्णपर्व. म्हणजे शब्द कोणाच्या घरी भेटला याचा पत्ता. विद्यार्थ्याला वाटले तर त्या घरी जाऊन दार वाजवता येते. हल्ली फोनवर जे छोटे कोश निघाले आहेत, त्यांतल्या एकात मी मुद्दाम वीसेक शब्द काढून बघितले. अर्थ दाते-कर्व्यांचाच, बहुतेक ठिकाणी शब्दशः. कंसही जसाच्या तसा. गळला होता तो फक्त दाखला. म्हणजे पत्ता फाडून टाकला आणि 'घर पडीक आहे' ही पाटी तेवढी ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, काव्यातले शब्द खरोखरच काव्यातले असतात. वारिद, पयोद असे कोण बोलते? बरोबर आहे. पण ते शब्द कवितेत का आले, हे एकदा मुलांना दाखवा. मी वर्गात फळ्यावर करायचे तो खेळ सांगते. पाण्याचे पाच शब्द घ्या: जल, अंबु, वारि, नीर, पय. आता प्रत्येकाला 'ज' लावा, म्हणजे पाण्यात जन्मलेले, कमळ. 'द' लावा, म्हणजे पाणी देणारा, ढग. 'धि' लावा, म्हणजे पाण्याचा साठा, समुद्र. जलज, अंबुज, वारिज, नीरज, पयोज. जलद, अंबुद, वारिद, नीरद, पयोद. जलधि, अंबुधि, वारिधि, नीरधि, पयोधि. पाच शब्द आणि तीन शेपट्या ठाऊक असल्या की पंधरा शब्द हातात येतात. जुन्या पाठशाळेत अमरकोश, म्हणजे संस्कृत प्रतिशब्दांचा श्लोकबद्ध कोश, पाठ करून घ्यायचे ते यासाठी. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांनाही हे आवडायचे, कारण यात घोकंपट्टी नाही, जोडणी आहे.

आणि पाच-पाच प्रतिशब्द हवेतच कशाला? वृत्तासाठी. वृत्तात लघू म्हणजे आखूड आणि गुरू म्हणजे लांब अक्षरे मोजतात, तीन अक्षरांचा एक गण. जलद म्हणजे तीन लघू, न गण. नीरद म्हणजे गुरू-लघू-लघू, भ गण. पयोद म्हणजे लघू-गुरू-लघू, ज गण. ढग तोच, वजन वेगळे. पृथ्वी वृत्ताची ओळ ज गणाने सुरू होते, तिथे आरंभी पयोद बसेल, नीरद बसणार नाही. सुताराच्या पेटीत एकाच कामाच्या चार पटाशा असतात, तसे हे शब्द. 'यमाताराजभानसलगा' पाठ करायला लावून आम्ही गण शिकवले, पण गणामुळे कवीला कोणता शब्द उचलावा लागतो हे शिकवलेच नाही. मग मुलांना वाटते, कवी उगाच जड बोलतो.

जलद या शब्दाची तर गंमतच आहे. मुंबईच्या मुलाला विचारा, तो सांगेल, जलद म्हणजे जी लोकल मधल्या स्टेशनांवर थांबत नाही ती. हा जलद फारसीतल्या 'जल्द'वरून आलेला. कवितेतला जलद संस्कृत, पाणी देणारा. दोन वेगळ्या घराण्यांतली दोन मुले एकच नाव घेऊन एका वर्गात बसली आहेत. कवितेत 'जलद आले' असे वाचून पोराने 'लवकर आले' असा अर्थ लिहिला, तर त्याचे अर्धे गुण कापताना माझा हात अडखळायचा. दोन जलद दोन स्वतंत्र नोंदींत मांडा आणि प्रत्येकापुढे त्याचे घराणे लिहा. एवढे केले तरी पुरे.

बारामतीत राहून मोरोपंतांबद्दल न बोलणे शोभणार नाही. पन्हाळ्यावर जन्मलेला हा कवी (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे कऱ्हेकाठी आला आणि आयुष्यभर लिहीत राहिला. पंडिती शब्दांचा सगळ्यात मोठा दोष त्यांच्या माथी मारला जातो. त्यांनी १०८ रामायणे लिहिली, त्यांतल्या एकात तर ओठ मिटून उच्चारावे लागणारे एकही अक्षर नाही, निरोष्ठ रामायण. प, फ, ब, भ, म सगळे वर्ज्य. आता रामायण लिहायचे आणि 'राम' म्हणायचे नाही, कारण म ओठांचा! अशा माणसाला शब्दांचे कोठार हवेच. याला कसरत म्हणा, हट्ट म्हणा. मला स्वतःला ती रामायणे सलग वाचवत नाहीत, हे कबूल करते. पण 'केकावली'चे तसे नाही.

आमची आजी दिवेलागणीला शुभंकरोति झाले की केकावलीतला हा श्लोक म्हणायची, आणि ती चार बुकेही शिकलेली नव्हती:

सुसंगति सदा घडो सुजनवाक्य कानीं पडो
कलंक मतिचा झडो विषय सर्वथा नावडो
सदंघ्रिकमळीं दडो मुरडितां हटानें अडो
वियोग घडतां रडो मन भवच्चरित्रीं जडो

मोजून बघा, यात अडणारे शब्द किती? 'सदंघ्रि' आणि 'भवच्चरित्रीं', दोनच. अंघ्रि म्हणजे पाय. सज्जनांच्या पायांच्या कमळात मन दडो. भवत् म्हणजे आपले, देवा तुमचे. तुमच्या चरित्राला चिकटून राहो. बाकी सगळे घरातले क्रियापदांचे लेंढार आहे: घडो, पडो, झडो, नावडो, दडो, अडो, रडो, जडो. अंघ्रिकमळासारखा सोवळ्यातला शब्द, आणि त्याच्या शेजारी 'दडो'. लपाछपीत पोर कणगीमागे दडते तो दडो. मन पाय धरून दडून बसावे, कोणी मुरडून ओढू लागले तर हट्टाने अडावे, आणि ताटातूट झाली तर रडावे. हे आईला चिकटलेले लेकरू आहे, दुसरे काही नाही. आजीला अंघ्रि कळत नव्हता. पण 'मुरडितां हटानें अडो' म्हणताना ती माझ्या धाकट्या भावाकडे बघायची, आणि आम्ही हसायचो.

दडणे हे क्रियापद मी एका नव्या शब्दार्थसूचीत '(काव्य)' म्हणून पाहिले तेव्हा मात्र राहवले नाही. अहो, दर जूनमध्ये वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येते, 'पावसाने दडी मारली'. ज्याने ती सूची केली त्याने तो पेपर वाचलाच असेल. पण सूची करताना समोर केकावली होती, म्हणून दडणे काव्यातले झाले.

केकावली या नावाकडेही बघा. केका म्हणजे मोराचा केकारव. मोरोपंत, मोर, मयूर. म्हणून भगवंताला मारलेल्या हाकांची ओळ ती केकावली. 'केका (काव्य) – मोराची आरोळी' एवढी टीप दिली की ही सगळी गंमत मातीत गेली.

याच ओघात दुसरी एक चीड सांगते. शब्द ओवीत सापडला तर '(काव्य)', आणि तोच शब्द शेतकऱ्याच्या तोंडी सापडला तर '(ग्राम्य)'. संतांच्या अभंगात 'कवतिक' आहे, आणि इथून दहा किलोमीटरवरच्या वाडीत म्हातारी 'लेकाचं लई कवतिक' म्हणते. तिथे ते काव्य, इथे गावंढळ! खरे तर तो एकच शब्द आहे, सलग चालत आलेला. मधल्या शिकल्यासवरल्या माणसांनी तेवढा कौतुक करून घेतला. थंडीला 'हिंव' म्हणणारे लोक अजून आहेत, आणि हिवाळ्यात, हिवतापात तो सगळ्यांच्याच घरी आहे. 'हे येरागबाळ्याचे काम नाही' असे आपण रागाने म्हणतो. त्यातला 'येर' म्हणजे 'इतर' हा ज्ञानेश्वरीच्या पानोपानी भेटणारा शब्द. म्हणजे शिवी देताना आपण तेराव्या शतकातले सर्वनाम वापरतो. हे वर्गात सांगितल्यावर एक मुलगा दिवसभर सगळ्यांना 'येरा' म्हणत हिंडला होता.

पण मेलेल्या म्हणवलेल्या शब्दांपेक्षा मला भीती वाटते ती जिवंत दिसणाऱ्यांची. कळत नाही असा शब्द आला तर मूल निदान विचारते. कळल्यासारखा वाटणारा शब्द मात्र कोणी विचारत नाही. दर २७ फेब्रुवारीला मराठी दिनाच्या प्रत्येक फलकावर ती ओवी असते, 'माझा मराठाचि बोलु कौतुकें। परि अमृतातेंही पैजा जिंके। ऐसीं अक्षरें रसिकें। मेळवीन॥'. यातल्या 'कौतुकें'चा अर्थ बहुतेक भाषणांत 'मराठीचे कौतुक' असा होतो, आणि 'रसिकें' म्हणजे समोर बसलेले रसिक श्रोते. कौतुकें म्हणजे इथे सहज, लीलेने. आणि रसिकें हे अक्षरांचे विशेषण आहे, रसाळ अक्षरे. माझे बोल मराठीच आहेत खरे, पण लीलेने अमृताशी पैज जिंकतील अशी रसाळ अक्षरे मी जुळवीन. हे आत्मविश्वासाचे बोलणे आहे, आणि आपण त्याची सत्कारसमारंभातली आभाराची ओळ करून टाकली. शब्दार्थ देणाऱ्याने 'पैजा'चा अर्थ दिला, 'कौतुकें'चा दिलाच नाही, कारण तो सोपा वाटला.

दुसऱ्याकडे बोट दाखवते तर माझेही सांगितले पाहिजे. 'झणी दृष्टि लागो तुझ्या सगुणपणा' हा अभंग मी काही वर्षे वर्गात घेतला. झणी म्हणजे लवकर, असे कोशात होते, नव्या कवितेतही 'झणी ये' वगैरे येते, म्हणून मी तेच सांगितले. एका वर्षी पालकसभेला एका मुलीचे आजोबा आले, गळ्यात माळ, दर वर्षी वारीला जाणारे. सभा संपल्यावर थांबून हळूच म्हणाले, "बाई, नातीच्या वहीत वाचलं. तुम्ही देवाला लवकर दृष्ट लागू दे म्हणताय काय?" मला दरदरून घाम फुटला. जुन्या मराठीत झणी, झणें म्हणजे न जाणो, कदाचित, नको. 'न जाणो, तुझ्या या सगुण रूपाला दृष्ट लागेल', अशी ती आईची धास्ती आहे. मी शिकवलेला अर्थ नेमका उलटा. ते आजोबा चौथी शिकलेले होते, पण फडात बसून त्यांनी तो शब्द जिवंत ऐकला होता. माझ्याकडे एम. ए.ची पदवी आणि एक कोश होता, ज्यात दोन अर्थांपैकी एकच घेतलेला होता आणि पुढे कंस होता.

तेव्हा नोंद कशी असावी, ते उदाहरणच देते. 'झणी, झणें: (१) जुन्या मराठीत, न जाणो, कदाचित, नको, भीतीचा किंवा निषेधाचा भाव. (२) पुढच्या काळातल्या कवितेत, चटकन, लवकर. अभंग वाचताना पहिला अर्थ आधी लावून पाहावा.' अडीच ओळी. कागद महाग होता तेव्हा मी गप्प बसले असते. पडद्यावर अडीच ओळींना काय पैसे पडतात?

विद्वानांच्या, शास्त्र्यांच्या शब्दांचे दुखणे वेगळे आहे, ते फार ताणत नाही. वैद्याचे अनुपान, ज्योतिष्याचे करण, कीर्तनकाराचे पूर्वरंग-उत्तररंग, दिवाणजीची रोजकीर्द-खतावणी. हे शब्द त्या त्या धंद्यात अजून राबतात, आणि कोशात मात्र '(शास्त्रीय)' म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलेले असतात. अनुपान म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचे ते, मध, तूप, कोमट पाणी. आजीच्या बटव्यातून मधातले चाटण खाल्लेल्या प्रत्येकाने ते घेतलेले आहे, नाव माहीत नाही इतकेच. आणि उलटही होते. सरकारचा पदनाम कोश १९६२ साली निघाला तेव्हा लोकांनी त्याला थट्टेने 'बदनाम कोश' म्हटले. आज संचालक, अधीक्षक, लिपिक म्हणताना कोणाला हसू येत नाही. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यातले काही टिकले, पुष्कळसे टिकले नाहीत, आणि शिक्कामोर्तबातला मोर्तब अजून आहे तो आहेच. कोणता शब्द जगेल हे कोश ठरवत नाही. म्हणून कोशाने कोणाला आधीच मृत ठरवू नये.

या बाबतीत मला माधव ज्यूलियन फार जवळचे वाटतात. माणूस कवी, त्यातून 'छंदोरचना' लिहिणारा वृत्तांचा अभ्यासक, आणि त्याच हाताने १९२५ साली फारसी-मराठी कोश करणारा. पुढे ते भाषाशुद्धीकडे वळले, त्यावर वाद झाले, ते असो. पण कवितेचा, वृत्ताचा आणि कोशाचा असे तिन्ही धागे एका माणसाच्या हातात होते. आज कोश करणारा कविता वाचत नाही, कविता शिकवणारा कोश उघडत नाही, आणि शब्दार्थाची टीप लिहायचे काम रविवारपर्यंत पान पूर्ण करायचे म्हणून तिसऱ्याच कोणावर पडते. मी स्वतः असे काम केले आहे. शनिवारी रात्री अकरा वाजता 'लाहो – (काव्य) लाभो' एवढे लिहून दिवा घालवला आहे. ज्याला जे हवे ते त्याला मिळो, असे मागणाऱ्या ओळीवर मी खर्च केलेली अक्षरे ही एवढीच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या इथेही पेढे वाटले, मीही खाल्ला. या दर्जाच्या निमित्ताने कोशांची कामे हाती घेतली जातील असे ऐकते. जमल्यास त्यात माझी ही मागणी घाला. जुन्या मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा कोश १९९९ साली आला, दाखल्यांसकट. शिकागो विद्यापीठाने तो, मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे संगणकावर सगळ्यांना मोकळे करून दिले आहेत. म्हणजे माल तयार आहे, परदेशात बसूनही कोणी तो उघडतो. तो उतरवून घेताना दाखला गाळू नका. शब्दाचा अर्थ बदलला असेल तर जुना आणि नवा दोन्ही लिहा, कोणता आधीचा तेही लिहा. आणि '(काव्य)' हा कंस लावण्याआधी एक फेरी मारा. वारीच्या फडात, वैदूच्या दुकानात, मंडईत, एसटीच्या मागच्या सीटवर. कोणाच्या तोंडी सापडला तर कंसाऐवजी गावाचे किंवा धंद्याचे नाव लिहा. सापडला नाही, तर खुशाल कंस लावा. माझी तक्रार नाही.

शाळेच्या पुस्तकांबद्दल एकच. प्रत्येक कवितेखाली दहा शब्दांचे एकेरी अर्थ देण्याऐवजी तीनच शब्द घ्या, पण त्यांची सोयरीक सांगा. सांडोखाली सांडपाणी लिहा. दडोखाली दडी लिहा. मुलांना तेवढ्याने पुढचे आपोआप सापडते, हे मी एकतीस वर्षे पाहिले आहे. नात आता रोज काहीतरी शोधून आणते. परवा तिने विचारले, 'अवघा रंग एक झाला' म्हणजे सगळा रंग, आणि दुकानातली पाटी 'अवघे ९९ रुपये' म्हणजे फक्त. मग अवघा म्हणजे सगळा की थोडा? मी म्हटले, तूच कोशात बघ. बघून आली आणि म्हणाली, दोन्ही लिहिलंय पण आधी कुठलं ते नाही लिहिलं.

बहुत काय लिहिणे? लेखनसीमा.

बारामतीहून,
आपली एक निवृत्त शिक्षिका

ता. क. – लेखनसीमा लिहिल्यावर पुढे अक्षर काढू नये असा जुना दंडक, पण राहिले ते सांगते. नातीच्या वर्गात तीन आरव आहेत. एकाच्या आईला कोणीतरी नावाचा अर्थ 'शांत' असा सांगितला आहे. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. आणि वर्गशिक्षिकेच्या मते तिघेही त्या अर्थाला जागतात. पसायदानात मात्र 'चला कल्पतरूंचे आरव' आहे, तिथे आरव म्हणजे बाग, राई. कल्पतरूंच्या चालत्या बागा. त्या आईला हा अर्थ मी फोन करून कळवला, तिला पहिल्यापेक्षा आवडला. तुमच्या पुढच्या आवृत्तीत दोन्ही अर्थ असू द्या.